अकरा कवळ्या आणि दहा मिनिटे

प्रति,
मा. अध्यक्ष तथा निर्बंध शिथिलीकरण अधिकारी,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला
(जिना बंद असल्यास तळमजल्यावरील पेटी).

विषय : सीलबंद दुकानातून दुसऱ्यांच्या मालकीच्या अकरा (सुधारित : दहा) कवळ्या बाहेर काढण्यासाठी दहा मिनिटे मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे याच विषयावरील आठ अर्ज.
२) आपल्या समितीची बंदीच्या तेविसाव्या दिवशी झालेली ऑनलाइन सुनावणी.
३) आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे. (तीनपैकी एकाही उत्तरात प्रश्नाचा उल्लेख नाही.)

महोदय, आणि समितीचे उरलेले तीन सदस्य,

१. अर्जदार हा कायद्याचे तंतोतंत पालन करणारा नागरिक असून बावीस वर्षांच्या व्यवसायात त्याने शासनाविरुद्ध एकदाही तोंड उघडलेले नाही. इतरांची तोंडे उघडून आत पाहण्यातच दिवस जात असल्याने त्याला तेवढी सवड नव्हती. आता सवड आहे. अर्जदार पदवीधरही आहे. त्या पदवीचा बावीस वर्षांत काडीचा उपयोग झाला नव्हता. गेल्या एकोणऐंशी दिवसांत हा धरून नऊ अर्ज लिहावे लागल्याने तो झाला, याबद्दल आपले आभार मानून मूळ मुद्द्याकडे वळतो.

२. अर्जदाराचे दुकान कवळ्या दुरुस्त करण्याचे आहे. तो दातांचा डॉक्टर नाही. तसा दावा त्याने कधीच केलेला नाही; त्याच्या सासूबाईंनी लग्नाच्या वेळी चार नातेवाइकांत केला होता, तो त्यांनी पुढे मागे घेतला. कवळीला तडा जातो, एखादा दात निखळतो, कड हिरडीला घासते, असली कामे तो करतो. या कामाची एक रीत आहे. ती समितीला ठाऊक नसल्यामुळेच पुढचे सगळे रामायण घडले, म्हणून ती सविस्तर नमूद करणे भाग आहे. दुरुस्त केलेली कवळी लगेच तोंडात घालता येत नाही. तिला एक रात्र पाण्यात ठेवावी लागते, नाहीतर जोडायला वापरलेला नवा मसाला तोंडात झोंबतो. सबब अर्जदाराने आठवड्यातला एक वार बांधून दिला : सोमवारी संध्याकाळी कवळ्या घ्यायच्या, रात्रभर झाकणाच्या वाट्यांत पाण्यात ठेवायच्या, वाटीखाली नावाची चिठ्ठी, आणि मंगळवारी सकाळी ज्याचे त्याला परत. एकाच संध्याकाळी सगळे बिनदाताचे, म्हणजे कुणी कुणाला हसायचा प्रश्नच नाही. परिसरातली ज्येष्ठ मंडळी या दिवसाला ‘बोळका सोमवार’ म्हणतात. त्या संध्याकाळी ते कुणाचा फोन उचलत नाहीत, काहीतरी पातळ पिऊन लवकर आडवे होतात आणि सकाळी दुकान उघडायच्या आधीच तोंडाशी रुमाल धरून रांगेत उभे राहतात. बावीस वर्षांत या रिवाजात खंड पडला नव्हता.

३. आपली बंदी मंगळवारी सकाळी सहा वाजता लागू झाली.

४. त्या सकाळी पावणेनऊ वाजता अर्जदार कुलपात किल्ली घालीत असताना आपण स्वतः पथकासह तेथे हजर झालात. ‘तोंडाशी संबंध येणाऱ्या सर्व आस्थापना’ या कलमाखाली आपण कुलपावरून दीड बोट रुंदीची कागदी पट्टी चिकटवलीत आणि तिच्यावर सही केलीत. मागे रांगेत दहा ज्येष्ठ उभे होते, दहा रुमालांसह. (अकराव्या ज्येष्ठ अर्जदाराच्या घरीच राहतात. त्यांच्याविषयी पुढे येईल. त्या मागे राहणाऱ्यांतल्या नाहीत.) अर्जदाराने विनंती केली, “साहेब, आत लोकांचे दात आहेत. दहा मिनिटं द्या, वाटून टाकतो.” त्यावर आपण म्हणालात, “आज तुम्हाला दहा मिनिटं दिली, की उद्या सगळा बाजार दहा मिनिटं मागेल. आठच दिवसांचा तर प्रश्न आहे. काढा की जरा कळ.” रांगेत पहिल्या क्रमांकावर उभे असलेले निवृत्त गार्ड, ज्यांनी छत्तीस वर्षे आगगाडीच्या शेवटच्या डब्यातून शिट्टी वाजवली, ते रुमालाआडून काही बोलले. बोळक्या तोंडचे बोलणे आपणास कळले नाही. अर्जदारास सवय असल्याने कळले. ते शासकीय अर्जात लिहिता येण्यासारखे नाही.

५. आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचे तीस. पहिल्या टप्प्यात आपण किराणा उघडलात, दुसऱ्यात भाजी आणि बेकरी. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण अर्जदार लहानपणापासून ऐकत आला होता. ती एखाद्या कार्यालयाने परिपत्रक काढून अंमलात आणलेली प्रथमच पाहिली.

६. येथे एक तांत्रिक बाब, जी अर्जदाराने आठही अर्जांत लिहिली आणि आठही वेळा कुणी वाचली नाही. कवळी म्हणजे खुंटीला टांगलेली टोपी नव्हे, की वर्षाने काढून घातली तरी डोक्यावर बसेल. ती हिरडीवर बसते, आणि हिरडी मोकळी राहिली की आटत जाते. धंद्यातला अनुभव असा, की दोन-अडीच महिन्यांत जुनी कवळी सैल पडू लागते आणि तीन महिन्यांच्या आसपास बहुतेकांची बसेनाशी होते. कुणाची आधी, कुणाची नंतर. नवी करायची तर तोंडात बोटे घालून माप घ्यावे लागते. ते सध्याच्या दिवसांत करू नये, हे अर्जदारासही पूर्ण मान्य आहे. म्हणजे आहेत त्याच कवळ्या, त्याच तोंडांत, वेळेवर, एवढा एकच मार्ग उरतो. समितीची बैठक पुढे ढकलता येते. हिरडीला तहकुबी ठाऊक नाही.

७. अकराव्या कवळीच्या मालकीण अर्जदाराच्या सासूबाई होत. वय अठ्ठ्याहत्तर, तब्येत ठणठणीत, स्मरणशक्ती नको तेवढी चांगली. एकोणऐंशी दिवस त्या पातळ भात, कुस्करलेला बटाटा आणि जावई यांवर जगत आहेत. पैकी पहिले दोन त्यांना आवडत नाहीत आणि तिसरा त्या तीन वेळा चावून खातात. सकाळी चहा पुढे ठेवला की पहिला प्रश्न, “आला का हो तुमच्या साहेबाचा कागद?” दुपारी ताट पुढे ठेवले की, “दात दुकानात अडकले ते समजलं, जावईबापू. तुमची जीभ कशात अडकली?” संध्याकाळी त्या काही विचारीत नाहीत, नुसत्या बघतात. अर्जदारास संध्याकाळची सर्वात जास्त भीती वाटते.

८. आता सुनावणीविषयी. तेविसाव्या दिवशी अर्जदार स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून, इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी दहापासून बसला होता. त्याचा विषय चौदाव्या क्रमांकावर, जलतरण तलावांनंतर होता. त्याचा आवाज आपल्या कार्यालयाने बंद करून ठेवला होता, त्यामुळे पुढील चर्चा त्याने मुकाट्याने ऐकली. डॉक्टर असलेल्या सदस्याबाई म्हणाल्या, “सगळा रोग तोंडातून पसरतोय, आणि आपण उघडायचं काय, तर तोंडाचं दुकान?” व्यापारी संघाचे सदस्य टेबलावर हात आपटून म्हणाले, “मॅडम, अकरा म्हातारी माणसं तुमच्यामुळे उपाशी आहेत! त्यांना दात पाहिजेत. दातांना ब्रश पाहिजे, ब्रशला दुकान पाहिजे, दुकानाला गिऱ्हाईक पाहिजे. माझं म्हणणं एकच, बाजार उघडा!” अर्जदाराने एक शेल्फ मागितले होते, त्याच्या नावावर अख्खी बाजारपेठ मागितली गेली. आकडेवारी पाहणारे सदस्य शांतपणे म्हणाले, “अकरा हा नमुना फार लहान आहे. किमान चारशे बोळकी असतील तर काही निष्कर्ष काढता येईल.”

मग आपण मूलभूत प्रश्न उपस्थित केलात : कवळी हा अवयव की प्रसाधन? अवयव असेल तर आरोग्य विभागाकडे, प्रसाधन असेल तर बाजार विभागाकडे. या प्रश्नावर समिती चाळीस मिनिटे बोलली. म्हणजे अर्जदाराच्या मागणीच्या चौपट वेळ. अखेर, जी वस्तू काढून परत बसवता येते ती अवयव नव्हे, असा निष्कर्ष निघाला आणि कवळ्या प्रसाधनांत, पावडर-लिपस्टिकच्या खाली, चौथ्या टप्प्यात गेल्या. त्या टप्प्यात त्यांच्या सोबतीला आकाशपाळणे आहेत.

त्या क्षणी कुणाच्या तरी चुकीने अर्जदाराचा आवाज सुरू झाला. परंतु अर्जदार काही बोलायच्या आत मागून सासूबाईंचा आवाज आला, “त्यांना म्हणावं, तुमची काढून ठेवा आठ दिवस, मग करा चर्चा!” आपल्या इतिवृत्तात याची नोंद ‘एका ज्येष्ठ नागरिकाने रचनात्मक सूचना केली’ अशी आहे. सूचना विचाराधीन असल्याचेही पुढे लिहिले आहे. सासूबाई त्याचीही रोज चौकशी करतात.

९. त्या दिवसापासून अर्जदार दोन्ही बाजूंचा झाला आणि कुणाचाच राहिला नाही. ‘बंदी उठवा’ म्हणणाऱ्यांनी समोरच्या इमारतीच्या गॅलरीत फलक लावला : ‘बोळक्यांना न्याय द्या, नाट्यगृहे उघडा.’ अर्जदार त्यांना खालून ओरडून म्हणाला, की बोळक्यांना नाटक नको आहे. तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘बंदी ठेवा’ म्हणणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला जिन्यात गाठले. त्याच्या एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात दुधाची. काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, “अकरा कवळ्यांसाठी अकराशे माणसं मारणार का हो तुम्ही?” या काकूंच्या कवळीतला वरचा पुढचा दात अर्जदाराने सहा वर्षांपूर्वी बसवून दिलेला आहे. तो अजून पक्का आहे. त्याच दातामागून त्यांनी हे वाक्य उच्चारले.

१०. अर्जदारास रोगाचे गांभीर्य कळत नाही, असा शेरा आपल्या दुसऱ्या उत्तरात आहे. त्याबाबत नम्र नसलेला खुलासा असा : अर्जदाराची पत्नी इस्पितळाच्या संसर्ग कक्षात परिचारिका आहे. एकोणऐंशी दिवस ती घरी आली की कपडे दाराबाहेर बादलीत टाकते, बाहेरच्या खोलीत वेगळ्या ताटात जेवते आणि आईशी दाराच्या फटीतून बोलते. तिच्या कक्षातली सहा माणसे एका आठवड्यात गेली. तिचे म्हणणे अर्जदार शब्दशः देतो. “अहो, दुकानं उघडू नका म्हणणाऱ्यांत मी पहिली. तुमचंसुद्धा उघडू नका. पण दुकान उघडणं आणि शेल्फावरची वाटी उचलणं यातला फरक ज्यांना कळत नाही, ते माझ्या वॉर्डाचे निर्णय घेतायत, याची मला रोगापेक्षा जास्त धास्ती वाटते.”

अर्जदाराची मागणी ‘उघडा’ ही नाही आणि ‘ठेवा’ हीही नाही. आपल्या तक्त्यात मात्र हे दोनच रकाने आहेत. दहा मिनिटांचा रकाना नसल्यामुळे आपला कारकून प्रत्येक वेळी अर्ज ‘उघडा’ या ढिगात टाकतो, आणि तो ढीग चर्चेला येतो तेव्हा डॉक्टरबाई आणि व्यापारी संघ एकमेकांच्या अंगावर धावून जातात व सभा बरखास्त होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. पण दोन बरोबर माणसांच्या मध्ये बसून निर्णय घ्यावा, यासाठीच आपणास खुर्ची, पंखा आणि शिक्का दिलेला आहे.

११. चव्वेचाळिसाव्या दिवशी आपले उत्तर आले : ‘सदर अकरा नागरिक कवळीविना चव्वेचाळीस दिवस हयात असल्याने सदर वस्तू जीवनावश्यक असल्याचे सिद्ध होत नाही.’ हे वाक्य अर्जदाराने सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “म्हणजे मेले असते तर मिळाले असते होय?”

बावन्नाव्या दिवशी दुसरे उत्तर आले. कवळ्या बाहेर काढण्यास तत्त्वतः हरकत नाही, परंतु कोणती कवळी कुणाची याची ओळख पटवावी. वाटीखालच्या चिठ्ठ्या या ‘अर्जदाराच्या हस्ताक्षरातील असल्याने’ ग्राह्य नाहीत. मालकाने स्वतः हजर राहावे. परंतु पासष्टच्या पुढील व्यक्तींना घराबाहेर पडण्यास मनाई आहे, आणि कवळ्यांचे सर्व मालक पासष्टच्या पुढचे आहेत. हे वय नसते तर कवळीही नसती, एवढा कार्यकारणभाव समितीच्या ध्यानात यायला हरकत नव्हती. मालक येऊ शकत नसल्यास तज्ज्ञाने ओळख पटवावी. तज्ज्ञांच्या आपल्या यादीत या भागासाठी एकच नाव आहे, ते अर्जदाराचे; आणि अर्जदार हितसंबंधी असल्याने त्याचे मत घेता येत नाही. याशिवाय प्रत्येकाचा कवळीसह एक व कवळीविना एक असे दोन फोटो, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याचा ‘तोंड रिकामे असल्याचा दाखला’. अर्जदाराने अकराही दाखले मिळवले. वैद्यकीय अधिकारी तोंडात डोकावायला तयार नव्हते, म्हणून प्रत्येकाने आपापल्या खिडकीतून त्यांना खाली रस्त्यावर तोंड उघडून दाखवले. निवृत्त गार्डांनी तोंड उघडण्याआधी हिरवा रुमाल हलवला. अर्जदाराने त्यांना पाहिले ते शेवटचे.

१२. एकसष्टाव्या दिवशी दुपारी निवृत्त गार्ड वारले. वय चौऱ्याऐंशी, कारण वार्धक्य. या रोगाशी संबंध नाही. आणि कवळीविना गेले असेही अर्जदार म्हणत नाही. आपल्या उत्तराची वाट पाहत गेले, हे मात्र म्हणतो.

त्यांच्या मुलीचा फोन आला. पाचच माणसांना परवानगी आहे म्हणाली. मग म्हणाली, “दादा, बाबांचा चेहरा पार आत गेलाय. नातू विचारतोय, हे आजोबाच का? तुमच्याकडे त्यांचे दात आहेत ना? तेवढे द्या. चेहरा तरी त्यांचा दिसू दे.”

अर्जदार दुकानासमोर जाऊन उभा राहिला. किल्ली त्याच्या खिशात होती. पट्टी दीड बोट रुंद, उन्हाने पिवळी पडलेली, एका कोपऱ्यात सुटलेली. तिच्यावरची आपली सही निम्मी उडालेली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. कागद फाडला तर गुन्हा, गुन्हा झाला तर परवाना कायमचा जातो आणि सरकारी इस्पितळातल्या पत्नीवर चौकशी येते, हे सगळे त्याने मनात दोनदा म्हणून पाहिले. मग तो घरी परतला. मुलीला फोन करून त्याने सांगितले की जमत नाही. ती म्हणाली, “बरं.” गार्डांच्या तोंडात त्यांनी कापसाचा बोळा भरला.

अर्जदाराने आयुष्यात लहानमोठ्या बऱ्याच लबाड्या केल्या आहेत आणि त्यांची त्याला बेताचीच लाज वाटते. कायदा पाळल्याची एवढी लाज त्याला प्रथमच वाटली, आणि ती आपल्या कार्यालयाची देणगी आहे.

१३. सहासष्टाव्या दिवशी आपले तिसरे उत्तर आले : ‘अर्जात नमूद अकरा नागरिकांपैकी एक हयात नसल्याने आकडा जुळत नाही. सुधारित संख्येसह नव्याने अर्ज करावा.’ माणसे जिवंत राहिली तर गरज सिद्ध होत नाही आणि मेली तर आकडा चुकतो. या दोहोंच्या मध्ये माणसाने नेमके किती मरावे, हे आपल्या परिपत्रकात नसल्यास पुढील पुरवणीत घालावे, ही विनंती.

सुधारित संख्या दहा आहे. वाट्या अकराच आहेत.

१४. अर्जदाराचा आपल्यावर दात आहे असे आपल्या कारकुनाने खिडकीतून ऐकवले. दात धरायचा तर तो आधी ताब्यात असावा लागतो. अर्जदाराचे सगळे आपल्या सीलमागे आहेत. पण विषय निघालाच आहे म्हणून एक व्यावसायिक निरीक्षण अवलोकनार्थ सादर करतो. सुनावणीत आपण चाळीस मिनिटे बोलत होतात आणि अर्जदाराचा आवाज बंद असला तरी डोळे उघडे होते. आपल्या वरच्या कवळीचा उजवा कोपरा सुटलेला आहे. ‘निर्बंध’ म्हणताना आपण तो जिभेने वर दाबता, आणि ‘तत्त्वतः’ म्हणताना ती अर्धा क्षण खाली येते. हे काम आणखी दोन महिने टिकेल, फार तर तीन. नंतर ती मधोमध उभी चिरेल, आणि अशा गोष्टी बहुधा जेवताना होतात. परिसरात हे काम करणारा दुसरा कोणी नाही, आणि जो आहे त्याची हत्यारे आत आहेत. ही धमकी नव्हे. अर्जदार पेशंटला धमकी देत नाही. आपला क्रमांक प्रसाधनांच्या चौथ्या टप्प्यात, आकाशपाळण्यांच्या शेजारी लागेल, एवढीच पूर्वसूचना.

१५. आज एकोणऐंशीवा दिवस आहे. काल सासूबाईंनी ताट बाजूला सारले आणि प्रथमच टोमणा मारला नाही. म्हणाल्या, “राहू द्या हो आता. सवय होते.” अर्जदाराने त्यांच्या एकोणऐंशी दिवसांच्या शिव्या निमूट ऐकल्या; हे वाक्य मात्र त्याला ऐकवले नाही. हिरड्या कुठवर आल्या असतील हे त्याला बघून कळते. दाराच्या फटीतून पत्नीलाही कळते.

सबब विनंती, की
अ) अर्जदारास दुकानात एकट्याने, तोंडाला पट्टी आणि हातांत मोजे घालून, दहा मिनिटे प्रवेश द्यावा. तो कुणाच्याही तोंडाला हात लावणार नाही. वाट्या उचलेल, दारोदार उंबऱ्यावर ठेवील, बेल वाजवून मागे सरकेल.
ब) यास ‘शिथिलीकरण’ समजू नये. बाजार कधी उघडायचा यावर समितीने खुशाल भांडत राहावे. भांडण संपेपर्यंत वाट्या तेथेच राहाव्यात असा काही त्यांचा गुन्हा नाही.
क) अकरावी वाटी गार्डांच्या मुलीस देण्याची परवानगी मिळावी. ती तिचे काय करणार हे अर्जदाराने विचारलेले नाही. आपणही विचारू नये.
ड) अ, ब, क अमान्य असल्यास तसे एका ओळीत, स्वतःच्या सहीने कळवावे. ‘तत्त्वतः’ हा शब्द वापरू नये. आपल्या कवळीसाठीही तो बरा नाही.

आपला अजून तरी नम्र,
(सही)
कवळी दुरुस्ती व पॉलिश,
बंदीचा एकोणऐंशीवा दिवस

सोबत :
१) पूर्वीच्या आठ अर्जांच्या प्रती.
२) तोंड रिकामे असल्याचे दाखले : दहा. (अकरावा परत मागू नये.)
३) पत्नीचे इस्पितळातील ओळखपत्र, छायाप्रत.
४) सासूबाईंचे दोन फोटो. कवळीविना काढलेल्या फोटोत त्या कॅमेऱ्याकडे नव्हे, आपणाकडे बघत आहेत.


पूर्तता अहवाल
(परवानगीतील अट क्र. ४ नुसार याच अर्जाच्या प्रतीवर सादर)

बंदीच्या त्र्याण्णवाव्या दिवशी आपल्या कार्यालयाची परवानगी मिळाली. त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता आपल्या कारकुनाच्या उपस्थितीत सील काढले. सर्व वाट्या जागेवर होत्या. पाणी आटले होते. वाट्या उचलून, शटर ओढून, नवे सील लावेपर्यंत एकूण चार मिनिटे लागली. उरलेली सहा मिनिटे वापरलेली नाहीत.

अकरावी वाटी गार्डांच्या मुलीस पोचली. उरलेल्या दहा त्याच दुपारी ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर ठेवल्या.

दहापैकी तीन बसल्या. सासूबाईंची त्यांत नाही.